फुग्यांची फुले : हवा भरा, पण हिशोबही धरा

लग्नसराई जवळ आली की मांडववाला, आचारी आणि बँडवाला यांच्या तारखा आधी धरून ठेवाव्या लागतात. अलीकडे या यादीत आणखी एकाची भर पडली आहे, ती म्हणजे फुग्यांची सजावट करणाऱ्याची. बारसे असो, पहिला वाढदिवस असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की नव्या किराणा दुकानाचे उद्घाटन, दारात फुग्यांची कमान आणि कमानीवर फुग्यांचीच मोठमोठी फुले लागतात. ही फुले करणारा माणूस बहुतेक वेळा तालुक्याच्या गावाहून येतो. दोन-तीन तास काम करतो, पैसे घेतो आणि मोटारसायकलवरून निघून जातो.

आता जरा विचार करा. त्याच्या पिशवीत असते तरी काय? फुग्यांची पाकिटे, एक हातपंप, दोरा आणि चिकटपट्टी. यातली एकही वस्तू अशी नाही की जी गावातल्या बचत गटाला किंवा कॉलेज संपवून घरी बसलेल्या पोराला मिळणार नाही. कला म्हणाल तर आठ-दहा दिवस मन लावून हात चालवला की जमते. तरीही गावातले हे पैसे दर कार्यक्रमागणिक बाहेर जातात. म्हणून आज या पानावर फुग्यांच्या फुलांची कृती, त्यांचा हिशोब आणि त्यातले धोके, हे तिन्ही विषय घेतले आहेत. तुम्ही म्हणाल, शेतीच्या पानावर फुगे कशाला? तर मंडळी, फुग्याचा संबंध शेतीशी आहे आणि तो दोन्ही अंगांनी आहे. एक अंग फायद्याचे आहे, दुसरे काळजीचे.

फुगाही झाडालाच येतो

साधा रबरी फुगा हा कारखान्यात तयार होत असला तरी त्याचा कच्चा माल झाडाचा चीक आहे. रबराचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले. १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने त्याचे बी ब्राझीलमधून लंडनला नेले आणि तिथल्या रोपांतून आशियातल्या रबराच्या बागा उभ्या राहिल्या. केरळात १९०२ साली पेरियार नदीकाठी थट्टेकाड येथे व्यापारी लागवड सुरू झाली. आज देशातले सर्वांत जास्त रबर केरळातच होते, त्याखालोखाल त्रिपुराचा नंबर लागतो. आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः दोडामार्ग भागात, आणि शेजारच्या गोव्यातही रबराच्या बागा आहेत.

लागवडीनंतर साधारण सात वर्षांनी झाडाचा चीक काढता येतो. भल्या पहाटे खोडाच्या सालीवर तिरपा चर पाडतात, खाली वाटी बांधतात आणि पांढरा चीक थेंबाथेंबाने गोळा करतात. फुग्यासाठी हा चीक यंत्रात फिरवून दाट करतात आणि त्यात गंधक, रंग वगैरे मिसळतात. मग फुग्याच्या आकाराचे साचे त्यात बुडवून काढतात, तोंडाची कड गुंडाळतात आणि उष्णता देऊन वाळवतात. रबराचा पहिला फुगा १८२४ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने केला, तोही खेळण्यासाठी नव्हे, तर प्रयोगशाळेत हायड्रोजन वायू साठवण्यासाठी. हा हायड्रोजन पुढे पुन्हा आपल्या वाटेत येणार आहे, तेव्हा नाव लक्षात ठेवा.

सामान कोणते घ्याल?

फुलांसाठी दोन प्रकारचे फुगे लागतात. पहिला गोल. पाकळ्यांसाठी पाच इंची गोल फुगा सोयीचा पडतो, मोठ्या कमानीवरच्या फुलांसाठी नऊ किंवा दहा इंची घ्यावा. दुसरा लांब, नळीसारखा, ज्याचे जादूगार कुत्रे-ससे करून दाखवतात तो. याला बाजारात २६० नंबरचा फुगा म्हणतात. म्हणजे पूर्ण भरल्यावर दोन इंच जाड आणि साठ इंच लांब. नवशिक्याने हाच नंबर घ्यावा.

फुगा तोंडाने फुगवू नका. गोल फुगा एक-दोन वेळा जमेलही, पण शंभर फुगे भरायचे म्हटले की गाल आणि कान दुखू लागतात, आणि लांब फुगा तर तोंडाने भरतच नाही. शिवाय दुसऱ्याच्या लेकराच्या बारशाला आपल्या तोंडची हवा कशाला? दोन्ही बाजूंनी हवा मारणारा, म्हणजे दांडा ओढतानाही आणि ढकलतानाही हवा जाणारा हातपंप घ्या. विजेचा पंप कामाला वेगवान, पण ऐन वेळी वीज गेली तर हात चोळत बसावे लागते. सुरुवात हातपंपानेच करावी.

फुग्याचे पाकीट घरात कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. बियाण्याची पिशवी आपण ऊन-ओल चुकवून ठेवतो, तसेच फुगे ठेवा. तोंड बांधलेल्या पिशवीत, अंधाऱ्या आणि गार जागी. उन्हात पडलेले रबर कुजते, मग फुगा पंपाला लावताच फाटतो. तेलाचेही रबराशी वैर आहे. हाताला खोबरेल असेल तर आधी साबणाने धुवा. संत्रे सोललेला हात लावाल तर फुगा फुटू शकतो, कारण सालीतले तेल रबराला खाते. नागपूरकडच्या मंडळींनी हे जरूर ध्यानात ठेवावे!

कृती पहिली : पाच पाकळ्यांचे फूल

सगळ्या पाकळ्या एका मापाच्या झाल्या की फूल निम्मे जमले. नजरेवर भरवसा ठेवू नका. बुटांच्या रिकाम्या खोक्याला चार इंच व्यासाचे गोल भोक पाडा. प्रत्येक फुगा भरून त्या भोकात धरा, घट्ट होत असेल तर थोडी हवा सोडा, सैल असेल तर थोडी भरा. फुगा मानेकडे पेरूसारखा निमुळता दिसू लागला की समजा हवा जास्त झाली. पाकळी गोल हवी, आणि पाच इंची फुगा चार इंचच भरला की तो गोलही राहतो आणि सहज फुटतही नाही.

आता दोन फुगे भरून त्यांच्या माना एकमेकींना गाठ मारून बांधा. ही झाली जोडी. तशीच आणखी एक जोडी करा आणि तिच्या गाठीवर तिसरा फुगा बांधा, म्हणजे तीनचा झुपका झाला. जोडी झुपक्यावर आडवी ठेवून दोन फुग्यांना एकमेकांभोवती एक पीळ द्या, म्हणजे पाचही माना मधोमध घट्ट बसतील. मग तळहाताने दाबून पाचही फुगे एका पातळीत गोल मांडून घ्या.

राहिला गाभा. दोन छोटे फुगे लिंबाएवढे भरा, एक पिवळा आणि एक हिरवा. त्यांच्याही माना एकत्र बांधा. पिवळा फुलाच्या पुढून आणि हिरवा मागून असे पाकळ्यांच्या फटीतून घाला आणि एका पाकळीभोवती फिरवून अडकवा. पुढून पिवळा गाभा दिसतो, मागून हिरवा भाग देठासारखा दिसतो. एका फुलाला असे एकूण सात फुगे लागले. हा आकडा पुढे हिशोबात उपयोगी पडेल.

कृती दुसरी : देठ असलेले फूल

लांब फुगा हातात धरला की नवशिक्याला पहिली भीती वाटते ती फुटण्याची. त्यावर उपाय एकच, शेपटी रिकामी ठेवायची. फुगा पूर्ण भरू नका. पीळ देताना हवा पुढे सरकते, तिला जायला जागा हवी. पाच फुटांच्या फुग्यात चार फूट हवा भरा, एक फूट मोकळे सोडा. गाठ मारण्याआधी किंचित हवा सोडून तोंडाकडचा भाग मऊ करून घ्या.

सगळ्यात सोपी आहे कळी. लांब फुगा भरून गाठ मारा. गाठीवर बोट ठेवून ती फुग्याच्या आत दीड-दोन इंच ढकला. दुसऱ्या हाताने बाहेरून ती गाठ चिमटीत पकडा, बोट हळूच काढून घ्या आणि जिथे चिमूट आहे तिथे तीन-चार पीळ द्या. वर कळी तयार होते आणि खाली उरलेली नळी म्हणजे देठ. अशा वीस-पंचवीस कळ्या केल्या की हात बसतो.

मग पाकळ्यांचे फूल घ्या. गाठीजवळ एक इंचाची छोटी गोळी पिळून काढा. तिच्यापुढे आठ-नऊ इंच नळी वाकवून तिचे कडे करा आणि कड्याची दोन्ही टोके एकत्र धरून तीन वेळा पिळा. ही एक पाकळी. याच पद्धतीने ओळीने पाच पाकळ्या करा. पीळ नेहमी एकाच दिशेला द्यायचा आणि आधीची पाकळी डाव्या हाताने धरून ठेवायची, नाहीतर पुढची होईपर्यंत मागची उलगडते. शेवटी उरलेले टोक सुरुवातीच्या गोळीभोवती फिरवून मधोमध बांधा. देठासाठी हिरवा फुगा भरा, त्याची गाठ फुलाच्या मध्यात अडकवा, आणि देठाच्या निम्म्यावर समोरासमोर दोन कडी पिळा. ती झाली पाने.

कृती वाचून अवघड वाटते, पण हातात फुगा घेतला की समजते. पहिल्या दिवशी पाकीटभर फुगे फुटतील. फुटू द्या. ती या धंद्याची शिकवणीची फी समजा.

ऊन आणि वेळ

फुगा म्हणजे पिशवीत कोंडलेली हवा, आणि हवा तापली की पसरते. सकाळी २० अंशांना भरलेला फुगा दुपारी ४० अंशांत गेला तर आतली हवा साधारण सात टक्क्यांनी फुगते. फुगा आधीच ठासून भरलेला असेल तर एवढे पुरेसे होते. गडद रंगाचा फुगा उन्हात जास्त तापतो. म्हणून उन्हाळ्यातल्या कामाला फिकट रंग घ्या, हवा थोडी कमी भरा आणि फुले मांडवाच्या सावलीत लावा. उन्हात काही तास राहिलेल्या फुग्याची चकाकी जाऊन तो मळकट दिसतो, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

फुग्याचे रबर सच्छिद्र असते, त्यातून हवा हळूहळू झिरपते. गोल फुगा सावलीत दुसऱ्या दिवशीही बरा दिसतो. लांब फुगा पिळलेला असल्याने लवकर सुकतो. तेव्हा गोल फुलांची तयारी आदल्या रात्री केली तरी चालेल, पण लांब फुग्यांचे काम त्याच दिवशी करा. आणि जागा आधी पाहून या. बाभळीची फांदी, मांडवाच्या तारेचे टोक, भिंतीतला खिळा, या तिघांनी एकेका तासाची मेहनत एका क्षणात वाया घालवलेली असते.

हिशोब वहीत हवा

शेतीत आपण नेहमी एक चूक करतो, घरच्यांची मजुरी धरत नाही. या धंद्यात ती करू नका. उदाहरणादाखल पन्नास गोल फुलांचे काम धरू. फुलाला सात फुगे, म्हणजे ३५० फुगे. त्यावर फुटतूट दहा टक्के, म्हणजे ३५. एकूण ३८५. शंभराचे पाकीट असेल तर चार पाकिटे लागतील.

आता वेळ धरा. समजा एका फुलाला सहा मिनिटे लागतात, तर पन्नास फुलांना ३०० मिनिटे, म्हणजे पाच तास. पाच बायकांनी बसून केले तर एक तास. त्यात जाणे-येणे, कमानीवर लावणे आणि कार्यक्रम संपल्यावर सगळे उतरवून झाडून घेणे यांचे तास वेगळे मिळवा. या सगळ्या तासांना तुमच्या गावात जो मजुरीचा दर चालतो तो लावा. मग फुगे, दोरा, चिकटपट्टी, पेट्रोल आणि पंपाची झीज धरा. एवढी बेरीज झाली की तो झाला तुमचा खर्च. नफा त्याच्यावर. खर्चाच्या खाली जाऊन काम घेतले तर गटाच्या हाती फक्त दमणूक राहते.

फुगे ठोक बाजारातून घ्या, पण पहिल्या खेपेला एकाच दुकानातून ढीगभर उचलू नका. दोन-तीन प्रकारची पाकिटे आणा, प्रत्येकातले दहा-दहा फुगे भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी किती टिकले ते मोजा. स्वस्त पाकिटातले दहापैकी तीन फुटत असतील तर ते स्वस्त नाही. बियाण्याची उगवणशक्ती आपण अशीच तपासतो की नाही?

काम घेताना इसार घ्या, तारीख, रंग आणि फुलांची संख्या वहीत लिहा आणि खाली गिऱ्हाइकाची सही घ्या. हंगाम मात्र सारखा नसतो. लग्नाचे मुहूर्त, वाढदिवस, गणपती, जानेवारीतली स्नेहसंमेलने यांत काम मिळेल, भर पावसाळ्यात मिळेलच असे नाही. म्हणून हा जोडधंदा समजा, कर्ज काढून करायचा धंदा नव्हे. बचत गटाने स्वतःच्या बचतीतून पंप आणि पहिली पाकिटे घेतली तरी भागते. हिशोब, विक्री अशा गोष्टींचे शिक्षण हवे असेल तर जिल्ह्यातली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आणि तालुक्याला असलेला ‘उमेद’ अभियानाचा कक्ष येथे चौकशी करावी.

गॅस नको म्हणजे नको

आता तो हायड्रोजन. “फुगे वर तरंगणारे हवेत,” असा आग्रह गिऱ्हाईक धरते. तरंगायला हवेपेक्षा हलका वायू लागतो. हेलियम सुरक्षित आहे, कारण तो जळत नाही, पण आपला देश जवळजवळ सगळा हेलियम बाहेरून आणतो आणि तो महाग पडतो. म्हणून जत्रेत, चौकात काही लोक जुन्या लोखंडी सिलेंडरमध्ये रसायने टाकून हायड्रोजन तयार करतात. हा वायू भयंकर ज्वालाग्राही आहे. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत काहीही असले तरी तो पेट घेऊ शकतो. त्याला विडीची ठिणगी पुरते. आणि न तपासलेल्या सिलेंडरमध्ये दाब वाढला तर ठिणगीही लागत नाही, सिलेंडर बॉम्बसारखा फुटतो.

हे भीती घालण्यासाठी लिहिलेले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लातूर शहरात फुगे भरण्याच्या सिलेंडरचा स्फोट होऊन फुगेवाल्याचा जीव गेला आणि भोवती जमलेली लहान मुले जखमी झाली. सप्टेंबर २०२० मध्ये चेन्नईत एका कार्यक्रमात आकाशात सोडायला आणलेल्या गॅसच्या फुग्यांचा फटाक्यांमुळे भडका उडाला आणि लोक भाजले. फुगेवाल्याभोवती सर्वांत आधी कोण जमते? आपलीच पोरे.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांना म्हणून विनंती. गावच्या यात्रेत, शाळेजवळ, आठवडी बाजारात सिलेंडर घेऊन फुगेवाला बसला तर त्याला हटकण्यात गरिबाच्या पोटावर पाय येत नाही, उलट त्याचाच जीव वाचतो. गॅस सिलेंडर नियम, २०१६ प्रमाणे सिलेंडर मान्यताप्राप्त आणि ठरावीक मुदतीने तपासलेला लागतो, आणि हे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. त्या फुगेवाल्याला हातपंपाच्या फुग्यांची फुले करायला शिकवा. साध्या हवेचे फूल बांबूच्या कामटीवर उभे केले की तेही छान डुलते.

कामटी म्हटले ती उगाच नाही. केंद्र सरकारच्या प्लॅस्टिक कचरा नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे १ जुलै २०२२ पासून फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या आणि सजावटीचे थर्माकोल यांवर देशभर बंदी आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमातच त्या काड्या दिसल्या तर लोकांना काय सांगणार? दुसरी गोष्ट, चकाकणारे चांदीसारखे फुगे रबराचे नसतात. ते धातूचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकचे असतात आणि त्यातून वीज वाहते. असा फुगा सुटून विजेच्या तारांत अडकला तर शॉर्टसर्किट होऊ शकते.

गोठ्यात काय जाते?

फुगा झाडाच्या चिकाचा, म्हणजे तो मातीत आपोआप कुजतो, असे पाकिटावर लिहिलेले असते. यावर सहज विश्वास ठेवू नका. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुगे गोड्या पाण्यात, खाऱ्या पाण्यात आणि कंपोस्टमध्ये १६ आठवडे ठेवून पाहिले. ते म्हणण्यासारखे कुजले नाहीत. चार महिने म्हणजे आपला एक खरीप हंगाम झाला. तेवढ्या काळात फुटक्या फुग्याचे तुकडे, रिबिनी आणि नायलॉनचे दोरे मांडवाच्या जागेवर पडून राहतात. उष्ट्या पत्रावळींचा वास येतो म्हणून गाय तिथे तोंड घालते. गुरांच्या पोटातून प्लॅस्टिक निघाल्याच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. त्यात आणखी रबर आणि रिबिनीची भर नको.

लहान मुलांचेही तसेच. न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा मुलाच्या घशात बसला तर श्वास अडकतो, आणि रबर मऊ असल्याने ते सहज निघत नाही. आठ वर्षांखालच्या मुलांच्या हाती रिकामा फुगा देऊ नये. काहींच्या अंगाला रबराची अ‍ॅलर्जी असते, खाज सुटते किंवा दम लागतो. त्यांना हे काम सांगू नये.

म्हणून गटाने एक नियम करावा. बांधायला सुती दोराच वापरायचा. कार्यक्रम संपला की फुले उतरवायची, कात्रीने हवा सोडायची आणि जेवढे फुगे आणले तेवढे पोत्यात परत न्यायचे. मोजून आणले, मोजून नेले. ग्रामपंचायतीने मैदान किंवा समाजमंदिर भाड्याने देताना थोडी अनामत घ्यावी आणि जागा झाडलेली दिसली की परत करावी. १५ ऑगस्टला शाळेत तिरंगी फुले केलीत तर तुकडे पायदळी येणार नाहीत याची काळजी तर घ्यावीच लागेल.

आणि आपला झेंडू?

आता काळजीचे दुसरे अंग. फुलशेती करणारा शेतकरी हे वाचून म्हणेल, “वा रे वा, आमचा झेंडू रस्त्यावर ओतायची वेळ येते आणि तुम्ही फुग्याची फुले करायला शिकवता!” त्याचे दुखणे खरे आहे. प्लॅस्टिकच्या फुलांनी बाजारात शिरकाव केल्यापासून सजावटीची मागणी घटली अशी फुल उत्पादकांची तक्रार आहे, आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेतही कृत्रिम फुलांवर बंदी घालण्याची मागणी झाली.

पण फुग्याचे फूल आणि प्लॅस्टिकचे फूल यांत एक फरक आहे. प्लॅस्टिकची माळ एकदा घेतली की वर्षानुवर्षे तीच धुऊन टांगतात, शेतकऱ्याचे गिऱ्हाईक कायमचे तुटते. फुग्याचे फूल दोन दिवसांत संपते, दर वेळी नवे करावे लागते आणि करणाऱ्या हाताला काम मिळते. शिवाय देवाला, तोरणाला, नवरानवरीच्या गळ्यात फुगा चालत नाही. तिथे झेंडू, शेवंती, निशिगंधच हवा.

तेव्हा दोघांची सांगड घाला. पाच पाकळ्यांच्या फुलात पिवळ्या फुग्याचा गाभा न घालता टपोऱ्या झेंडूची दोन-तीन फुले सुती दोऱ्यात ओवून बांधा. पाकळ्या फुग्याच्या आणि गाभा खरा. कमानीच्या दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा सोडा, फुग्यांची फुले फक्त माथ्यावर ठेवा. आंब्याची पाने तर बांधावर फुकट आहेत. असे केले की फुगे कमी लागतात, कचरा कमी होतो, मांडवाला वास येतो आणि शेजारच्या शेतकऱ्याची दोन क्रेट फुले गावातच खपतात. गुलाब मात्र जवळ आणू नका, काट्याने सगळेच फुटेल.

गिऱ्हाइकापुढे दोन दर ठेवा, एक नुसत्या फुग्यांच्या कमानीचा आणि एक फुगे व झेंडू मिळून केलेल्या कमानीचा. दोन्हींचा एकेक नमुना समोर धरला की लोक काय निवडतात ते तुमच्या लक्षात येईल. झेंडूचा भाव पडलेला असेल त्या आठवड्यात दुसऱ्या कमानीचा खर्च आपोआप उतरतो. भाव चढा असेल तेव्हा माळा थोड्या कमी घ्या, पण अजिबात टाळू नका.

सुरुवात करायची तर गावच्या अंगणवाडीपासून करा. एखाद्या कार्यक्रमाला दहा फुले मोफत करून द्या, लोक पाहतील आणि विचारतील, “कुठून आणली?” त्या प्रश्नाला उत्तर म्हणून गटाचे नाव आणि दर सांगता आला पाहिजे. तो दर आधी वहीत काढून ठेवा, पंप घ्या, गॅसच्या नादी लागू नका आणि पोते विसरू नका.